वाडा, भुयार आणि दप्तर

मित्रहो,

गोव्यातल्या कुठल्याही गावात जुन्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, बंद घराविषयी चौकशी केली, तर घराखालून थेट नदीपर्यंत भुयार जातं हे कुणीतरी सांगतंच. त्या भुयारात सोनं असतं, आणि भाटकाराचा हात पूर्वी लिस्बनपर्यंत व आता दिल्लीपर्यंत पोचलेला असतो. रॉथ्सचाइल्ड, रॉकफेलर, व्हॅन्डरबिल्ट या युरोप-अमेरिकेतल्या धनाढ्य घराण्यांबद्दल मोबाइलवर फिरणारे व्हिडिओ पाहिले की लक्षात येतं, कथा तीच आहे, फक्त घर मोठं झालंय. म्हणून आज या कथा तपासायच्या कशा, एवढंच बोलणार आहे. सुरुवात भुयारापासून करू, कारण भुयार मोजता येतं.

समजा, भुयार एक किलोमीटर लांब, माणूस उभा चालेल असं दोन मीटर उंच आणि सव्वा मीटर रुंद आहे. खोदून निघालेला माल झाला अडीच हजार घनमीटर. आपला जांभा दगड घनमीटरला साधारण दोन टन भरतो. म्हणजे पाच हजार टन. एका बैलगाडीत अर्धा टन धरला तर दहा हजार खेपा. रोज वीस खेपा काढल्या तरी पाचशे दिवस, आणि पावसाळ्यात काम बंद ठेवायचं म्हटल्यावर दोन-अडीच हंगाम. एवढा काळ गावातून रोज वीस गाड्या माती-दगड बाहेर पडतोय आणि शेजाऱ्यांना पत्ता नाही! थोडा माल चिरे म्हणून भिंतीत गेला असं समजू. उरलेला ढीग कुठे आहे? तो दाखवता आला पाहिजे.

त्याहून मोठी अडचण पाण्याची. आपल्या नद्यांना भरती-ओहोटी आहे, मोठ्या भरतीला मांडवीचं पाणी ओहोटीच्या पातळीपेक्षा दोन मीटरच्या आसपास चढतं. टेकडीवरच्या घरातून उतरत नदीला मिळणाऱ्या भुयाराचं खालचं तोंड भरतीला पाण्याखाली जाणार. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या शेतजमिनीत, बांध आणि मानस, म्हणजे पाणी अडवणारी दारं, बांधून जे पाणी शेतकरी मोठ्या कष्टाने अडवतो, ते भुयारात फुकट शिरणार. शिवाय हवा. लांब, बंद खोदकामात ठरावीक अंतरावर वर उघडणारे झरोके लागतात. ते जमिनीवर दिसले पाहिजेत.

मग घराखाली लोकांनी प्रत्यक्ष पाहिलेली ती दगडी कमान कसली? बहुतेक वेळा पाणवाट. गोव्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. राजांगण (घराच्या मधलं उघडं अंगण) आणि आत उतरणारी छपरं मिळून अडीचशे चौरस मीटर जागेचं पाणी अंगणात येत असेल, आणि तासाला पन्नास मिलिमीटरची सर आली, तर एका तासात साडेबारा हजार लिटर पाणी बाहेर काढावं लागतं. वीतभर रुंदीची मोरी ते वाहून नेईलही, पण ती तुंबली तर साफ कशी करणार? म्हणून माणूस वाकून आत शिरेल एवढी बांधीव गटारं करत, ती साफ करायला माणूस आत जावा लागे. लहानपणी त्यात डोकावलेला मुलगा मोठेपणी भुयार पाहिल्याचं शपथेवर सांगतो. तो खोटं बोलत नसतो. त्याने गटार पाहिलेलं असतं.

आता फ्रान्सला जाऊ. पॅरिसच्या पूर्वेला फेरिएरचा महाल आहे. जेम्स द रॉथ्सचाइल्ड याने तो इंग्लंडच्या जोसेफ पॅक्स्टनकडून आराखडा करून घेऊन बांधला, 1859 साली पुरा झाला. तिथे खरोखरच जमिनीखालून वाट होती, त्यात रूळसुद्धा होते. त्यावरून जेवण यायचं. आग आणि वास पाहुण्यांपासून लांब राहावेत म्हणून स्वयंपाकघर मुख्य इमारतीपासून दूर ठेवलं होतं. श्रीमंतांच्या घरातल्या बहुतेक गुप्त वाटांचं मूळ इथेच आहे: नोकर दिसू नयेत, पण सेवा वेळेवर मिळावी. इंग्लंडमधल्या मोठ्या घरांत भिंतीआडचे जिने आणि कपाटासारखी दारं असत, तीही याचसाठी. ही माणसं काय लपवत होती असं विचारलं, तर उत्तर आहे, आपले नोकर. याच्यात लाज वाटण्यासारखं पुष्कळ आहे, पण सैतानपूजा नाही.

फेरिएरचं नाव आज लोकांना माहीत आहे ते 12 डिसेंबर 1972 च्या मेजवानीमुळे. गी द रॉथ्सचाइल्ड यांच्या पत्नी मारी-एलेन यांनी अतिवास्तववादी कलेच्या थाटात तो सोहळा केला. आमंत्रणपत्रिका उलट्या अक्षरांत, आरशात धरून वाचायच्या. महालावर लाल-नारिंगी प्रकाशझोत टाकून तो जळतोय असा भास, नोकर मांजरांच्या वेषात, अभिनेत्री ऑड्री हेपबर्न डोक्यावर पिंजरा घालून, चित्रकार साल्वादोर दाली हजर. या रात्रीचे फोटो ‘गुप्त पंथाचा विधी’ म्हणून फिरतात. आता विचार करा, विधी गुप्त असेल तर यजमान कॅमेऱ्यापुढे पोझ का देतील? तो जमावडा दिसावा म्हणूनच केलेला होता. त्याच्या आदल्या वर्षी त्याच महालात आणखी एक मोठी मेजवानी झाली होती, तिचे फोटो सेसिल बीटनने काढले. तेही उपलब्ध आहेत, पण फिरत नाहीत. तिथे लोक नुसतेच नटूनथटून बसलेत, कुणाच्या डोक्यावर पिंजरा नाही, मग ते पाठवणार कोण?

फोटो हाती आला की करायचं काम सोपं आहे. मोबाइलमध्ये चित्र दाबून धरून उलट शोध घ्या आणि निकालांतला सर्वांत जुना सापडेपर्यंत मागे जा. कडा तपासा, कारण कापलेल्या भागातच बहुधा छायाचित्रकाराचं नाव किंवा मासिकाची ओळ असते. एकाच पोस्टमध्ये पाच फोटो असतील तर पाचही वेगवेगळे शोधा. पहिले तीन खरे आणि चौथा भलत्याच प्रसंगाचा, ही नेहमीची युक्ती आहे.

आणि त्या महालाचं पुढे काय झालं? 1975 साली कुटुंबाने तो पॅरिसच्या विद्यापीठांना देऊन टाकला. इंग्लंडमधलं वॅडस्डनचं घर बघा. फर्डिनांड रॉथ्सचाइल्डने 1874 पासून टेकडीचा माथा कापून सपाट करून ते उभारलं, दगड वर न्यायला वाफेची ट्राम घातली. ते 1957 साली वारसा जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे गेलं, आज तिकीट काढून कुणीही आत जाऊ शकतो. मेंटमोर हे तिसरं घर. तेही पॅक्स्टनचंच, लग्नामुळे रोझबेरी घराण्याकडे गेलेलं. वारसाकराच्या बदल्यात, सगळ्या सामानासह, सरकारने वीस लाख पौंडांत ते घ्यावं अशी तयारी दाखवली गेली. सरकारने घेतलं नाही. 1977 साली सॉदबीने नुसतं आतलं सामान लिलावात काढलं, त्याचेच साठ लाखांहून जास्त आले. तोटा झाला तो सरकारी संग्रहाचा. पण ज्यांच्या मुठीत सरकारं आहेत असं म्हणतात, त्या वर्तुळातल्या घराला कर चुकता करायला खुर्च्या विकाव्या लागल्या, हे कथेत कुठे बसवायचं?

वॉटर्लूची कथा तुम्ही ऐकली असेल. लंडनचा सावकार नेथन रॉथ्सचाइल्ड रणांगणावर हजर होता, नेपोलियन हरल्याबरोबर घोडा फेकत निघाला, समुद्र ओलांडून लंडन गाठलं, शेअरबाजारात अफवा उठवून भाव पाडले आणि एका झटक्यात दोन कोटी फ्रँक कमावले. कथा तपासताना पहिला प्रश्न, ती छापील स्वरूपात पहिल्यांदा कधी दिसते? लढाई 18 जून 1815 ची. नेथन वारला 1836 साली. ही कथा या रूपात गाजली ती 1846 च्या पॅरिसमधल्या एका पत्रकातून, म्हणजे लढाईनंतर एकतीस वर्षांनी आणि नेथन मेल्यावर दहा वर्षांनी. लेखक जॉर्ज देर्नव्हेल, टोपणनाव ‘सैतान’. त्याच वर्षी जेम्सच्या कंपनीची उत्तरेकडची रेल्वे सुरू झाली होती आणि जुलैमध्ये फांपूजवळ तिचा भीषण अपघात होऊन लोक मेले होते. राग खरा होता, आणि रेल्वे कंपनीला विचारायचे प्रश्नही खरे होते. पण पत्रकाने त्या रागाची दिशा कंपनीच्या कारभारावरून एका जमातीच्या, म्हणजे ज्यूंच्या, रक्ताकडे वळवली. 1940 साली नाझींनी याच कथेवर चित्रपट काढला.

प्रत्यक्षात नेथन त्या दिवशी लंडनमध्येच होता. ब्रिटिश सेनापती वेलिंग्टनचा अधिकृत खलिता मेजर हेन्री पर्सीने 21 जूनच्या रात्री लंडनला पोचवला. रॉथ्सचाइल्डांची निरोप्यांची व्यवस्था उत्तम होती, त्यांना बातमी थोडी आधी मिळाली असणं शक्य आहे, आणि तशी ती इतरांनाही मिळाली होती. पण पैसा आला कुठून याचं उत्तर जास्त रंजक आहे आणि ते सरकारी दप्तरात आहे. जानेवारी 1814 मध्ये ब्रिटिश सरकारने, जॉन हेरीस या अधिकाऱ्यामार्फत, वेलिंग्टनच्या सैन्याच्या पगारासाठी युरोपभरातून सोन्याची नाणी गोळा करण्याचं काम नेथनला दिलं. कमिशन होतं, जोखीम होती, आणि पाच भाऊ होते, जे पुढे पाच शहरांत बसले. फ्रँकफर्टमध्ये आम्शेल, व्हिएन्नात सालोमन, नेपल्समध्ये कार्ल, पॅरिसमध्ये जेम्स, लंडनमध्ये नेथन. सरकार आणि सावकार यांचं साटंलोटं बघायचं असेल तर ते इथे बघा. इथे टीका करायला भरपूर जागा आहे. घोड्यावरच्या शर्यतीत ती सगळी हरवते.

आकड्यांचंही तेच. ‘रॉथ्सचाइल्डांकडे पाचशे ट्रिलियन डॉलर आहेत’ असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. क्रेडिट स्विसच्या अंदाजानुसार 2022 अखेर जगातल्या सगळ्या कुटुंबांची मिळून संपत्ती 454.4 ट्रिलियन डॉलर होती. म्हणजे तुमचं माझं घर, अंबानी, अमेरिका, चीन सगळं एका घराण्याला देऊन टाकलं तरी पंचेचाळीस ट्रिलियन कमी पडतात. मोठा आकडा दिसला की आधी एकूण किती आहे ते काढा.

दुसरा प्रश्न, या घराण्याने काय गमावलं? कटाच्या कथेत हरण्याला जागाच नसते, हे तिचं लक्षण आहे. नेपल्सची पेढी 1863 साली बंद झाली. फ्रँकफर्टची, जिथून सगळं सुरू झालं ती, 1901 साली. पॅरिसची बँक मित्तराँच्या सरकारने 1982 साली राष्ट्रीयीकरण करून घेतली. आणि व्हिएन्ना. 1938 मध्ये नाझी आले, लुई रॉथ्सचाइल्डला अटक झाली, वर्षभराहून जास्त कोठडीत ठेवलं, मालमत्ता लिहून घेऊनच सोडलं. प्रिन्झ-ऑयगेन रस्त्यावरच्या त्यांच्या राजवाड्यात आइखमन या नाझी अधिकाऱ्याने ज्यूंना देशाबाहेर घालवण्याचं मुख्य कार्यालय थाटलं. जगावर राज्य करणाऱ्यांच्या दिवाणखान्यात बसून त्यांच्याच लोकांना हाकलण्याचे कागद तयार होत होते. घराण्यांच्या कथा निरुपद्रवी करमणूक असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा पत्ता लक्षात ठेवावा. ज्यूंच्या जागतिक कटाचा तथाकथित दस्तऐवज 1903 साली रशियात छापला गेला. 1921 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’ने सिद्ध केलं की त्याचे परिच्छेदच्या परिच्छेद 1864 च्या एका फ्रेंच उपहासपुस्तिकेतून उचललेले आहेत, आणि त्या पुस्तिकेत ज्यूंचा विषयच नव्हता. तरी तो अजून विकला जातो.

मग कट कधी होतच नाहीत का? होतात की. आपल्याकडेच झाला. 1787 साली कांदोळीच्या पिंतो कुटुंबाच्या नावाने ओळखला जाणारा पोर्तुगीज सत्तेविरुद्धचा कट. बढत्यांत आपल्या लोकांना डावलतात म्हणून संतापलेले गोमंतकीय धर्मगुरू आणि सैनिक त्यात होते. सत्तेचाळीस जणांना पकडलं, त्यांत सतरा धर्मगुरू, आणि पंधरा जणांना मृत्युदंड दिला. बातमी वेळेआधीच फुटली. खटला झाला, कागद उरले, आणि पुढे 1875 साली कुन्हा रिवारा यांनी त्यांच्या आधारे त्याचा इतिहास लिहिला. योगायोग असा की त्याच 1787 साली बव्हेरियाच्या सरकारने इल्युमिनाटींचे जप्त केलेले कागद छापून प्रसिद्ध केले. आडाम वाइसहाउप्टने 1776 मध्ये इंगोल्श्टाटला काढलेली ही गुप्त मंडळी दहाएक वर्षांत फितुरी, बंदी आणि झडती यांत संपली. म्हणजे जिला आज अडीचशे वर्षं अदृश्य म्हणतात, तिचा पत्रव्यवहार छापून विकला गेला होता.

या दोन्हींत दिसतं ते असं: खऱ्या कटात माणसं मोजकी असतात, हेतू ठरावीक असतो, तो लवकर फुटतो आणि कागद मागे ठेवतो. अगदी यशस्वी कटही. नोव्हेंबर 1910 मध्ये अमेरिकेचे सिनेटर ऑल्ड्रिच काही बँकरांना घेऊन रात्री खासगी रेल्वेडब्यातून जॉर्जियाला निघाले. बाहेर सांगितलं की बदकांच्या शिकारीला चाललोय, आणि नोकरांना कळू नये म्हणून एकमेकांना फक्त पहिल्या नावाने हाक मारली. जेकिल बेटावर मॉर्गन-रॉकफेलरांच्या वर्तुळाचा क्लब होता, तिथे बसून त्यांनी मध्यवर्ती बँकेची योजना लिहिली. हे शंभर टक्के खरं आहे. सहा वर्षांत पत्रकार फोर्ब्स यांनी ते छापलं, आणि हजर असलेल्या व्हॅन्डरलिप यांनी 1935 साली स्वतः कबूल केलं. पण कथा सांगणारे पुढचा भाग गाळतात. ऑल्ड्रिचची योजना त्या रूपात मंजूर झाली नाही. 1912 ची निवडणूक विरोधकांनी जिंकली आणि 23 डिसेंबर 1913 चा कायदा करताना वर राष्ट्राध्यक्षांनी नेमलेलं मंडळ बसवलं. बँकरांचा बराच मसुदा आत शिरला हेही खरं. किती शिरला, ते दोन्ही मसुदे शेजारी ठेवून कलमागणिक दाखवता येतं. कंटाळवाणं काम आहे, दोन दिवस जातील, पण सत्ता कुठे वाकली ते तिथेच दिसतं.

गोव्यातल्या घरांकडे परत येताना आधी त्यांची दारं बंद का आहेत ते सांगितलं पाहिजे. 1964 चा कूळ कायदा, त्यावरची 1976 ची पाचवी दुरुस्ती आणि भाटकाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांसाठीचा 1975 चा मुंडकार कायदा यांनी भाटांचं उत्पन्न आणि भाटकाराचा दरारा दोन्ही मोडले. ते योग्यच झालं. घर मात्र उरलं, आणि त्याला आपला वारसा कायदा लागू झाला. पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या या कायद्यानुसार लग्नानंतर मालमत्ता सहसा दोघांची निम्मी-निम्मी, आणि मुलगा-मुलगी समान वारस. एका घराला पाच वारस, प्रत्येकाला चार मुलं, त्यांना प्रत्येकी तीन, म्हणजे तिसऱ्या पिढीत साठ हिस्सेदार. विकायचं तर जोडीदाराचीही सही लागते, म्हणजे सह्या एकशेवीसपर्यंत जातात. त्यातले काही लिस्बनला, काही कॅनडात, काहींचा पत्ता नाही. घर बंद राहतं ते या हिशेबामुळे.

आडनावांवरून घराण्यांचे तक्ते काढणाऱ्यांनाही गोव्यात फसायला वाव आहे. चांदरच्या मोठ्या घराला ब्रागांझा हे नाव आहे आणि पोर्तुगालच्या राजघराण्यालाही. इथे बाप्तिस्म्याच्या वेळी गॉडफादरचं आडनाव घेण्याची रीत होती. आडनाव एक म्हणून रक्त एक, असं गोव्यात तरी म्हणता येत नाही.

आणि नेमकं अशाच बंद घरांभोवती आपल्याकडे खरा कट शिजला. जमीन बळकावण्याच्या प्रकरणांसाठी सरकारने 2022 मध्ये विशेष तपास पथक नेमलं, मग निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग. समोर आलेली पद्धत अशी: मालक परदेशात किंवा मृत आहे अशी जागा हेरायची. जुन्या काळची तारीख टाकून बनावट विक्रीपत्र तयार करायचं. ते जुन्या दप्तरात घुसवून त्याचीच प्रमाणित नक्कल काढायची, कारण नक्कल खरी असली की मूळ कुणी मागत नाही. मग त्या बळावर एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या, उताऱ्यावर नाव चढवायचं. नोटिशीला हरकत आली नाही की जागा तिसऱ्याला विकायची. तिसऱ्याच्या हातात सगळे कागद व्यवस्थित. यात ना महाल आहे ना मुखवटे. एक कारकून, एक दलाल आणि सही करणारा एक नाममात्र वारस एवढ्यावर भागतं.

खाणींतही तसंच. 7 फेब्रुवारी 2018 ला सर्वोच्च न्यायालयाने 88 खाणपट्ट्यांचं दुसरं नूतनीकरण रद्द केलं. नूतनीकरणं कधी झाली, किती घाईने झाली, ते निकालात तारखांसह आहे. श्रीमंतांच्या सत्तेवर राग असलेल्याने आधी तो निकाल वाचावा. गोव्यात तो वाचलेल्यांपेक्षा इल्युमिनाटींचे व्हिडिओ पाहिलेले जास्त भेटतील, अशी मला शंका आहे.

शेवटी, ज्यांची घरं गावी बंद आहेत त्यांच्यासाठी. सर्व्हे नंबर आणि पोटविभाग माहीत करून घ्या आणि वर्षातून एकदा एक-चौदाचा उतारा काढा, तो ऑनलाइन मिळतो. कब्जेदारांच्या रकान्यात नवं नाव आणि त्यापुढे म्युटेशनचा (फेरफाराचा) क्रमांक दिसला तर त्या फाइलची नक्कल मामलेदार कार्यालयाकडे मागा. तिच्यात ज्या दस्ताचा आधार घेतला असेल त्याचा नोंदणी-बुकाचा क्रमांक आणि पान टिपून घ्या, आणि नुसत्या नकलेवर न थांबता मूळ बुक पाहण्यासाठी अर्ज करा. पाहताना आधीचं आणि नंतरचं पानही पाहा. तारखांचा क्रम तुटतो का, शाई आणि अक्षर एकदम बदलतं का, शिवण उसवून पुन्हा घातलेली आहे का, आणि त्या वर्षाच्या अनुक्रमणिकेत हा दस्त आहे का. बुकात आहे आणि अनुक्रमणिकेत नाही असं दिसलं, तर त्याच दिवशी लेखी हरकत द्या आणि पोचपावती घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका.